गडावर पाहायचे काय?

महाड-पोलादपूरच्या डोंगरांतले गड चढून उतरणाऱ्या अनेकांच्या तोंडी एकच तक्रार असते: छाती फुटेस्तोवर चढलो, आणि वर आहे काय, तर चार टाकी आणि दोन जोती! तक्रार अगदीच खोटी नाही. पोलादपूर तालुक्यातल्या ढवळे गावाच्या डोक्यावर चंद्रगड उभा आहे. त्याच्या माथ्यावर उघड्यावरची महादेवाची पिंड, तिच्यासमोर नंदी, कातळात खोदलेली पाण्याची टाकी आणि गवतात बुडालेली थोडी जोती, एवढेच उरले आहे. महाड तालुक्यातल्या मंगळगडावर, म्हणजे कांगोरीवर, ढासळलेले प्रवेशद्वार, कांगोरी देवीचे देऊळ, तटाचे तुकडे आणि बालेकिल्ल्यावरच्या वाड्यांचे चौथरे दिसतात. तक्रारीमागोमाग मागणीही येते: पायऱ्या घाला, बुरूज उभारा, लोकांना पाहायला काहीतरी ठेवा. गड म्हणजे इमारत असे धरले की ही मागणी रास्त वाटते. पण हे गड बांधले गेले ते खालच्या खोऱ्यातली वाट राखण्यासाठी. खोरे समजून घेतले तर वर उरले आहे तेवढे पुरते, आणि खोरे नजरेआड केले तर नवा कोरा तट बांधूनही गड मुकाच राहतो.

खोरे आहे सावित्रीचे. महाबळेश्वरच्या कड्यांतून ही नदी खाली झेपावते, पोलादपूरवरून महाडला येते, तिथे गांधारीला पोटात घेते आणि बाणकोटच्या खाडीने समुद्राला मिळते. खाडीची भरती महाडपर्यंत चढत असल्याने उथळ पाण्यातून चालणाऱ्या होड्या, पडाव थेट महाडला लागत. पश्चिमेकडून मीठ, सुकी मासळी, नारळ यायचे आणि पूर्वेकडून वाई-साताऱ्याच्या देशावरचा माल बैलांच्या पाठीवरून उतरायचा. बंदर आणि देश यांच्यामध्ये सह्याद्रीची सलग भिंत होती. ती ओलांडायच्या वाटा मोजक्याच होत्या: वरंध घाट, पारघाट, ढवळे घाट आणि त्यांच्या आसपासच्या नाळा. हा व्यापार शिवकाळाच्याही पुष्कळ आधीचा आहे. महाडलगतच्या गांधारपाले लेण्यांतल्या ब्राह्मी लेखांत राजकुमाराच्या दानाबरोबर श्रेष्ठी घराण्यातल्या गृहस्थाचेही दान नोंदले आहे. भिक्खूंना डोंगर कोरून राहण्याची सोय करून देणारा पैसा या वाटेवर जवळपास दोन हजार वर्षांपूर्वीच फिरत होता. आता गडांच्या जागा या वाटांशी ताडून पाहाव्यात. कावळ्या किल्ला वरंध घाटावर बसला आहे. चंद्रगड ढवळे घाटाच्या तोंडाशी आहे. मंगळगड महाड आणि महाबळेश्वर यांच्या मधल्या डोंगररांगेवरून दोन्हीकडे लक्ष ठेवतो. सोनगड आणि चांभारगड तर महाड बंदराच्या उशालाच आहेत. एवढे गड एकाच खोऱ्याच्या कडेने योगायोगाने उभे राहत नाहीत.

जावळीच्या चंद्रराव मोऱ्यांचे बळ याच वाटांत होते. त्यांच्याकडे मोठी शहरे नव्हती आणि भाताच्या खाचरांवर एवढा रुबाब पोसला जाणे अवघड होते. ज्याच्या हाती घाट, त्याच्या हाती देश आणि कोकण यांच्यातली ये-जा, आणि म्हणून जकातही. १६५६च्या जानेवारीत शिवाजी महाराजांनी जावळी घेतली. मोरे रायरीवर निसटले, तेव्हा महाराज त्यांच्या मागे गेले आणि त्याच वर्षी रायरीही हाती आली. रायरीचा पुढे रायगड झाला. जावळीच्या मुलखातले इतर गडही स्वराज्यात आले आणि पारघाटाच्या माथ्याशी मोरोपंत पिंगळ्यांच्या देखरेखीखाली प्रतापगड नव्याने बांधून घेतला गेला. हा सगळा क्रम घाटवाटांचा ताबा घेण्याचा आहे. १० नोव्हेंबर १६५९ रोजी अफजलखान प्रतापगडाच्या पायथ्याशी मारला गेला, त्याची छावणीही पार गावाच्या परिसरातच पडली होती. मोठी फौज कुठून येईल आणि कुठे अडेल हे खोऱ्याने आधीच ठरवून ठेवले होते.

हे ध्यानात घेतले की गडावरचे थोडके अवशेष बोलू लागतात. चंद्रगडावर दरबार भरत नव्हता, तिथे थोडी शिबंदी राहायची. तिला लागायचे पाणी, धान्य, डोक्यावर छप्पर आणि चौफेर नजर. म्हणून तिथे सगळ्यात पक्के काम पाण्याचे आहे. टाक्याच्या काठाशी बसून पाहिले तर छिन्नीचे तिरपे घाव अजून दिसतात, आणि पावसाचे पाणी आत वळवण्यासाठी कातळात कोरलेले उथळ पन्हळही. टाके खोदताना निघालेला दगड तटाला आणि जोत्यांना वापरायचा, ही सह्याद्रीतल्या गडांची जुनी रीत, त्यामुळे एकाच मेहनतीत पाणीही मिळे आणि भिंतही. तट सगळीकडे नाही, कारण कड्याने जे काम केले तिथे माणसाने पुन्हा केले नाही. जिथे चढता येईल अशी सोंड किंवा घळ आहे, तिथेच बांधकाम सापडते. घरांवर गवताची नाहीतर कौलाची छपरे असणार, आणि वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळणाऱ्या मुलखात लाकूड आणि गवत दोनशे वर्षे टिकत नाही. म्हणजे जे दिसत नाही त्यातले पुष्कळसे मुळातच कच्चे होते किंवा लागतच नव्हते.

यावर एक आक्षेप निघेल की गड लढाईसाठी होते आणि त्यांना जकात-नाक्याच्या पातळीवर आणणे हा इतिहासाचा अपमान आहे. पण लढाई आणि वाट वेगळ्या नाहीत. वाट हातात असेल तरच शत्रूची रसद अडते. दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे: कांगोरीवर कैदी ठेवत, त्याचा वाटेशी संबंध काय? १८१७मध्ये इंग्रजांशी युद्ध पेटले तेव्हा पेशव्यांच्या माणसांनी पकडलेले हंटर आणि मॉरिसन हे दोन इंग्रज अधिकारी आधी कांगोरीवर आणि मग वासोट्यावर कैदेत होते. याचेही उत्तर भूगोलातच आहे. ज्या गडाला वाटा कमी आणि त्या साऱ्या नजरेखाली, तो पहाऱ्यालाही चांगला आणि कोठडीलाही. तिसरा दाखला रायगडाचा दिला जाईल. ६ जून १६७४ रोजी जिथे राज्याभिषेक झाला, जिथे सिंहासनाची जागा, बाजारपेठ, जगदीश्वराचे देऊळ आणि गंगासागर तलाव आहेत, तो गड नुसती चौकी कसा? चौकी नव्हताच, राजधानी होता. तरीही राजधानीला हाच डोंगर का निवडला, याचे उत्तर त्याच खोऱ्यात मिळते: बंदर जवळ, घाट जवळ आणि भोवती काळ-गांधारीची खोरी.

गड ओस पडले तेही वाटेमुळेच. १० मे १८१८ रोजी कर्नल प्रॉथरच्या तोफांपुढे रायगड पडला, वरचे वाडे आगीत गेले. पण तोफा प्रत्येक गडावर चालल्या नाहीत. इंग्रजांच्या राजवटीत वरंध आणि आंबेनळी घाटांतून गाडीरस्ते झाले, आगगाडी बोरघाटातून धावू लागली, महाडचे बंदर मागे पडले, आणि ढवळे घाटासारख्या वाटांवर गुराखी आणि गावकरी तेवढे उरले. राखायला वाहतूकच नसेल तर शिबंदीला वर ठेवणार कोण? तट पडू लागला तो त्यानंतर. उंबर-पिंपळाच्या मुळांनी सांधे उकलले आणि पावसाने उरलेले काम केले.

मग पुन्हा बांधावे का? वेल्समध्ये लेडर नदीच्या खोऱ्यावर डोल्विदेलन नावाचा असाच गड आहे. तेराव्या शतकाच्या सुरुवातीला तिथला राजा थोरला लेवेलिन याने डोंगरातली वाट राखण्यासाठी तो बांधला आणि १२८३मध्ये तो इंग्लंडच्या पहिल्या एडवर्डच्या हाती गेला. एकोणिसाव्या शतकात तिथल्या जमीनदाराने पडक्या मनोऱ्यावर नवे छत आणि नवे कंगोरे चढवले. आज पाहुणे मध्ययुगीन म्हणून ज्या कंगोऱ्यांचे फोटो काढतात, ते त्या जमीनदाराच्या हौसेचे आहेत. मनोरा वाचला हे त्याचे श्रेय, पण जुने कुठे संपते आणि नवे कुठे सुरू होते हे माहितगाराने सांगितल्याशिवाय कळत नाही. चंद्रगडावर अंदाजाने बुरूज उभारला तर आपणही तेच करू, आणि तिथे तर वाचवायला मनोराही नाही. याउलट रायगडावर गळती थांबवल्यानंतर हत्ती तलाव पुन्हा भरला. हे काम फोटोत बुरुजासारखे उठून दिसत नाही, पण गडाचा मूळ हेतू त्यातून कळतो.

राहिला पोटापाण्याचा प्रश्न. पडके दगड पाहायला माणूस येणार नाही, मग ढवळ्यातल्या किंवा मंगळगडाखालच्या पिंपळवाडीतल्या घराला रोजगार कसा, हे विचारणे योग्यच आहे. जुलै २०२१च्या दरडी आणि पूर सोसलेल्या या तालुक्यांना तो हक्कही आहे. पण त्याच दरडींनी हेही दाखवले की इथले उतार किती नाजूक आहेत, आणि गडापर्यंत रुंद रस्ता किंवा काँक्रीटच्या पायऱ्या खोदणे हा धोका विकत घेणे आहे. त्यापेक्षा टाक्यांतला गाळ काढावा, जोत्यांवरचा झाडोरा वेळच्या वेळी उपटावा, जुनी घाटवाट मोकळी करून तिच्यावर खुणा कराव्यात आणि गावातल्याच पोरांना वाटाड्याचे शिक्षण द्यावे. माथ्यावर एकच फलक हवा, गडाच्या नावाचा नव्हे तर समोरच्या खोऱ्याचा: कोणती खिंड कुठे, नदी कुठून वळते, महाड कोणत्या बाजूला, रायगड आणि प्रतापगड कुठे दिसतात. जुलै २०२५मध्ये युनेस्कोने ज्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशात घेतले, त्यांत रायगड आणि प्रतापगड आहेत, मंगळगड आणि चंद्रगड नाहीत. त्या दोन मोठ्या गडांमधला मुलूख मात्र याच धाकट्या गडांनी राखला होता. मोठ्या गडांचा वारसा पुरता समजून घ्यायचा, तर सरकारने आणि पाहुण्यांनी या धाकट्यांच्या टाक्यांचा आणि वाटांचाही हिशेब घ्यायला हवा. आणि या कामाला बुरुजांच्या मानाने खर्चही फार थोडा येतो.