फडमालकिणीचा दिवस

सकाळी ७. आंबेगाव तालुक्यातलं जत्रेचं गाव. रात्रीचा खेळ आटोपून तमाशाचा फड शाळेच्या ओसरीवर निजलाय. मालकीण मात्र उठून पेटारे मोजतेय. काल वगातल्या प्रधानाने एक संवाद गाळला, त्याला चहा देतादेताच ती तो पुन्हा म्हणायला लावते.

९ वाजता हजेरीचा खेळ. रात्रीचा थाट नाही, पण गाव जमतं आणि मानाची माणसं पुढे बसतात. दुपारी कुस्त्यांचा आखाडा भरायच्या आत आवरावं लागतं. बिदागी घेतली, जेवणं झाली, की ट्रक नारायणगावकडे निघतात.

दुपारी २. पुणे-नाशिक रस्त्यावरचं नारायणगाव म्हणजे तमाशापंढरी. जत्रांच्या हंगामात इथे फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे पंच सुपारी द्यायला येतात. “अक्का, लावण्या किती? पोरी किती?” पहिला प्रश्न ठरलेला. अक्का शांतपणे वगाचं नाव सांगते.

इथे थोडं थांबतो, कारण हा वग बसवतेही तीच. शोभना समर्थांनी १९५० मध्ये ‘हमारी बेटी’ हा चित्रपट दिग्दर्शित केला, स्मिता तळवलकरांनी १९९३ मध्ये ‘सवत माझी लाडकी’, मृणाल कुलकर्णींनी २०१४ मध्ये ‘रमा माधव’. नटी दिग्दर्शनाकडे वळली म्हणून आपण कौतुक केलं, ते रास्तच. फडात मात्र ही वाट रुळलेली आहे. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर वडील-चुलत्यांच्या फडात नाचल्या, गायल्या, पुढे स्वतःचा फड चालवला. १९५७ आणि १९९० मध्ये राष्ट्रपतींच्या हस्ते त्यांचा गौरव झाला. २००२ मध्ये त्या गेल्या. त्यांची कन्या मंगला बनसोडे यांनीही स्वतःचा फड उभा केला. या बायकांना दिग्दर्शिका म्हणायला आपण अजून कचरतो.

४ वाजता, जुन्नरकडच्या पुढच्या गावात, तालीम. खरं काम हेच. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपकाला बंदी. सवलत मिळाली तरी फार तर बारापर्यंत, तीही मोजक्या दिवसांसाठी. पूर्वी पहाटेपर्यंत रंगणारा खेळ तेवढ्यात बसवायचा. गण सोडता येत नाही. गवळणीत मावशी-पेंद्याची नोकझोक निम्मी होते. बतावणीतला एक विनोद जातो, सोंगाड्या कुरकुरतो. “अक्का, तिथंच हशा पिकतो!” “पिकू दे. पण आईनं पोराला ओळखलं, तिथं लोक रडायला हवेत. त्याला वेळ कुठनं काढू?” मग ती स्वतः उभी राहते. आई कशी वळते, ढोलकी कुठे थांबते, हलगी किती श्वासांनी उचलते, सगळं करून दाखवते. मुलगी तिसऱ्यांदा करते तेव्हा अक्का फक्त मान हलवते.

६ ला रंगपेटी, पोलिसांचा परवाना, जनरेटर, आजारी मुलीसाठी गोळ्या.

रात्री ८. गण सुरू. मालकीण विंगेत उभी. ओठांवर सगळ्यांचे संवाद. फर्माइशीच्या गाण्यांचा ढीग येतो, दोनच घेते. वगात आजही ती एक भूमिका करते, म्हणजे नटीही तीच.

वग संपला की हिशेब, उचल मागणाऱ्यांचं गाऱ्हाणं, मग झोप.

पंचमंडळींनो, यंदा सुपारी द्यायला नारायणगावला याल तेव्हा लावण्यांच्या आधी वग कोणता आणि तो बसवला कुणी, हे विचारा. आणि जत्रेच्या पत्रिकेवर त्या बाईचं नाव दिग्दर्शिका म्हणून छापा.