कागदावरचा सूर

पारावर एक वाद नेहमी निघतो. कुणा पोराच्या मोबाइलवर सिनेमाचं गाणं वाजत असतं. म्हातारी माणसं म्हणतात, "हे कसलं गाणं? सारा विलायती धिंगाणा! यानंच आपली गाणी बुडाली." खरंच यानं बुडाली का? मंडळी, आपण जरा नीट पाहू.

आधी भजनाची पेटी घ्या. पेटीशिवाय भजन रंगत नाही. पण ही पेटी मूळची आपली नव्हे. १८४२ साली पॅरिस शहरातल्या एका फ्रेंच कारागिराने तसे वाद्य आपल्या नावावर नोंदवले. ते खुर्चीवर बसून, पायाने भाता हलवून वाजवीत. पुढे कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी हाताच्या भात्याची पेटी केली. मांडी घालून बसणाऱ्या आपल्या लोकांना ती सोयीची झाली. १९४० साली ऑल इंडिया रेडिओने पेटीला बंदी केली. १९७१ साली ती बंदी सैल झाली. पण भजनी मंडळांनी पेटी काही सोडली नाही.

आमच्या उदगीरच्या बाजारात मराठी, कानडी, तेलुगू, उर्दू असे चार भाषांचे शब्द कानी पडतात. म्हणून आपली मराठी बुडाली का? नाही. गाण्याचेही तसेच आहे.

आता सिनेमाचे गाणे घ्या. त्यात एकाच वेळी वीस-तीस व्हायोलिनं वाजतात. तरी सर्वांचा सूर एक राहतो. तो कसा?

गोव्यात १९६१ पर्यंत पोर्तुगीजांचे राज्य होते. तिथे चर्चच्या शाळांत मुलांना व्हायोलिन शिकवीत. सूर लिहायला आणि वाचायलाही शिकवीत. पाच आडव्या रेघा मारायच्या आणि त्यांवर ठिपके मांडायचे. ठिपका वर असला तर सूर उंच, खाली असला तर सूर खालचा. आपली बाराखडी असते ना, तशीच ही सुरांची बाराखडी!

ही विद्या घेऊन गोव्याचे वादक मुंबईला आले. संगीतकार चाल गुणगुणत. सेबॅस्टियन डिसोझांसारखे जाणकार ती कागदावर उतरवीत. कोणत्या वाद्याने कुठे काय वाजवायचे, तेही लिहून देत. कागद समोर ठेवला की सारे एका सुरात वाजवीत.

संगीतकार सी. रामचंद्र हे आपल्या महाराष्ट्रातले, पुणतांब्याचे. १९५१ च्या 'अलबेला' सिनेमात त्यांनी विलायती वाद्ये मनमोकळी वापरली. लोकांनी ती गाणी डोक्यावर घेतली.

२०१६ साली 'सैराट' आला. त्याचे संगीत अजय-अतुल या दोघा भावांचे. त्यातला काही भाग त्यांनी अमेरिकेत, लॉस एंजेलिस परिसरात, तिथल्या वादकांकडून वाजवून घेतला. त्या वादकांना मराठी कुठून कळणार? पण समोरचा कागद त्यांना वाचता येत होता. त्यावरून त्यांनी आपल्या मातीतले गाणे वाजवले.

मग आपली बुडाली ती गाणी कोणती? जात्यावरची. गावात पिठाची गिरणी आली. बायाबापड्यांचे कष्ट वाचले, ते चांगलेच झाले. पण जातं कोपऱ्यात गेलं आणि ओवी मुकी झाली. ओव्या तोंडपाठ होत्या, कागदावर नव्हत्या. आई गेली की तिच्या ओव्याही तिच्यासंगं गेल्या.

हे ओळखून हेमा राईरकर आणि मूळचे फ्रान्सचे गी प्वातवाँ यांनी सहकाऱ्यांसह गावोगाव फिरून ओव्या लिहून घेतल्या. त्या भरल्या एक लाखाहून अधिक! लिहिल्या म्हणून त्या आज वाचायला मिळतात.

आता तुम्हांलाही लिहिता येते. तुमच्या घरात म्हातारी आई असेल, सासू असेल, आत्या असेल. तिच्याजवळ बसा. "माय, जात्यावर काय म्हणत होतीस?" असं विचारा. ती म्हणेल तशीच ओवी वहीत उतरवा. तिचा शब्द अडाणी म्हणून बदलू नका. खाली तिचं नाव आणि गाव लिहा. मग ती ओवी तिला मोठ्यानं वाचून दाखवा.

रोज एक ओवी लिहिली तरी पुष्कळ झाले. पण उशीर करू नका.