दम खाऊ द्या इंजिनाला

मोखाडा सोडून त्र्यंबकच्या दिशेने तोरंगण घाट चढणारी जुनी जीप नजरेआड असली तरी ओळखू येते. आधी तिचा आवाज जड होतो. मग ड्रायव्हर तिसऱ्यावरून दुसऱ्यावर गिअर पाडतो आणि वळणावर काळ्या धुराचा लोट मागे राहतो. आत खांद्याला खांदा लावून बसलेली माणसं, टपावर पोती, मागच्या पायरीवर लटकलेले दोघे-तिघे. ‘गाडी लोड घेत नाय,’ एवढं निदान ड्रायव्हरला पुरतं.

तो काळा धूर म्हणजे अर्धवट जळलेलं डिझेल. ड्रायव्हरने पाय दाबला की पंप जादा डिझेल पाठवतो; पण ते जाळायला लागणारी हवा इंजिनाला स्वतःच ओढून घ्यावी लागते. पिस्टन खाली जाताना जेवढी हवा आत येईल तेवढीच. अशा इंजिनाला इंग्रजीत भारदस्त नाव आहे, ‘नॅचरली ॲस्पिरेटेड’. आपण त्याला आपल्याच श्वासावर चालणारं इंजिन म्हणू.

दोष उंचीचा असेल असं वाटतं, पण तसा तो फारसा नाही. मोखाड्याशेजारचं जव्हार समुद्रसपाटीपासून साधारण 450 मीटरवर आहे, आणि तेवढ्या उंचीवर हवा चारेक टक्केच विरळ होते. खरा भार चढाचा आणि माणसांचा. ताकद वाढवायची तर हवा वाढवायला हवी. त्यासाठी एकतर इंजिन मोठं घ्यायचं, नाहीतर आहे त्याच इंजिनात हवा कोंबायची.

कोंबण्याचं काम टर्बो करतो. एका दांड्याच्या दोन टोकांना दोन पंखे असतात. सायलेन्सरकडे निघालेला तापलेला धूर एक पंखा फिरवतो आणि त्याच दांड्यावरचा दुसरा पंखा बाहेरची हवा दाबून सिलिंडरकडे पाठवतो. वेग मिनिटाला लाखभर फेऱ्यांच्याही वर जातो. वारल्यांचा तारपा ऐकलेल्यांना ही कल्पना परकी वाटू नये. तारपकरी फुंकताना मध्येच थांबत नाही. गालातली हवा बाहेर ढकलत असतानाच नाकाने नवी घेतो. टर्बो त्याच्याही पुढे जातो. इथे बाहेर पडणारा श्वासच नवा श्वास ओढून आणतो.

ही युक्ती स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूखीने 1905 मध्ये पेटंट केली. तिची खरी परीक्षा डोंगरावरच झाली. 1918 मध्ये अमेरिकेतल्या सॅनफर्ड मॉस यांनी लिबर्टी हे विमानाचं इंजिन पाइक्स पीकच्या 14 हजार फुटांवरच्या माथ्यावर नेलं. खाली साडेतीनशे अश्वशक्ती देणारं इंजिन तिथे 230 वर आलं होतं. टर्बो जोडताच 356 वर गेलं. विरळ हवेत इंजिनाला पुरेसा श्वास कसा द्यायचा, हा पुढे प्रत्येक लढाऊ विमानाचा प्रश्न झाला. जव्हार संस्थानचे राजे यशवंतराव मुकणे दुसऱ्या महायुद्धात हवाई दलात होते. त्यांच्या पिढीच्या वैमानिकांसाठी दाबलेली हवा ही चैन नव्हती.

विमानातली युक्ती मोटारीत आली आणि घोळ सुरू झाला. हवा दाबली की तापते. सायकलचा पंप मारताना हाताला चटका बसतो तशी. पेट्रोल इंजिनात हवा आणि इंधन आधीच मिसळलेलं असतं. ते मिश्रण जास्त दाबलं, जास्त तापलं तर ठिणगी पडण्याची वाट न पाहता भलत्या क्षणी भडकतं. मिस्त्री त्याला ‘नॉकिंग’ म्हणतात. आवाज खडखडाटाचा आणि परिणाम भोक पडलेल्या पिस्टनचा. म्हणून स्वतःच्या श्वासावर चालणाऱ्या पेट्रोल इंजिनाला टर्बो लावायचा तर मिश्रण दाबण्याचं त्याचं मूळ प्रमाण, म्हणजे कॉम्प्रेशन, कमी करावं लागतं.

हे न केल्याची शिक्षा 1962 मध्ये ओल्ड्समोबिलच्या जेटफायर गाडीने भोगली. कॉम्प्रेशन 10.25 ला 1 असंच ठेवलं आणि नॉकिंग रोखायला पाणी नि मेथॅनॉलचं मिश्रण इंजिनात सोडायची टाकी दिली. मालकांनी टाकी भरायचा कंटाळा केला. टाकी रिकामी झाली की यंत्रणा दाब कमी करी आणि गाडी मरगळे. शेवटी कित्येक गाड्यांवरचे टर्बो कंपनीनेच उतरवून साधे कार्ब्युरेटर बसवून दिले. बीएमडब्ल्यूने 1973 मध्ये आपल्या ‘2002’ नावाच्या गाडीला टर्बो लावताना कॉम्प्रेशन 6.9 पर्यंत खाली आणलं. 130 च्या जागी 170 अश्वशक्ती मिळाली, पण टर्बो जागा होईपर्यंत गाडी सुस्त आणि जागा झाला की धक्का. त्यातच तेलसंकट आलं. 1,672 गाड्यांवर काम थांबलं.

जुन्या स्पोर्ट्स कारला टर्बो लावू पाहणाऱ्या हौशी माणसाने या दोन गोष्टी उशाशी ठेवाव्यात. आपल्याकडचंच उदाहरण घेऊ. गेल्या शतकाच्या अखेरीस गोव्यात ‘सॅन स्टॉर्म’ नावाची फायबरग्लासच्या अंगाची, दोन आसनी, उघड्या छताची गाडी बनली. इंजिन रेनोचं, 1,149 सीसीचं, साठेक अश्वशक्तीचं. अशा गाडीत टर्बो बसवणं हे कामाच्या यादीत शेवटी येतं. आधी कमी कॉम्प्रेशनचे पिस्टन, मजबूत हेड गॅस्केट, जास्त इंधन देणारे इंजेक्टर आणि त्यांचा नवा हिशेब, टर्बोच्या बेअरिंगला तेलाची वेगळी लाइन, दाबलेली हवा थंड करणारा इंटरकूलर, मोठा रेडिएटर. मग वाढलेली ताकद पेलणारा क्लच आणि त्याहून आधी ब्रेक. एवढं करून गाडी रस्त्यावर आणायची तर मोटार वाहन कायदा, 1988 चं कलम 52 आडवं येतं: नोंदणीपुस्तकातला मूळ तपशील बदलेल असा फेरफार करता येत नाही. 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हे कलम कडकपणे वाचलं.

डिझेलची गोष्ट मात्र वेगळी. डिझेल इंजिनात सिलिंडरमध्ये नुसती हवा दाबली जाते; इंधन नेमक्या क्षणी फवारलं जातं. आधी पेटायला तिथे काही नसतंच. त्यामुळे जादा हवा त्याला मानवते. आणि म्हणूनच जुन्या इंजिनाला टर्बो लावण्याचा महाराष्ट्रातला सर्वांत यशस्वी प्रयोग स्पोर्ट्स कारवर झालेला नाही. तो झाला ट्रॅक्टरच्या इंजिनावर.

1963 मध्ये महिंद्राने इंटरनॅशनल हार्वेस्टरबरोबर भागीदारीत ट्रॅक्टरची कंपनी काढली. ट्रॅक्टर कांदिवलीत बनू लागले. त्याच घराण्यातलं 154 घनइंचांचं, म्हणजे 2,523 सीसीचं डिझेल इंजिन पुढे महिंद्राच्या जीपमध्ये आलं. साडेतीन इंचांचं सिलिंडर आणि चार इंचांचा स्ट्रोक. नांगर ओढायला बनलेलं. घाई न करणारं, जड, पण हाडापेराने मजबूत. 2000 मध्ये बोलेरो आली, ती नाशकात बनणारी. पुढे याच 2,523 सीसीच्या इंजिनाला टर्बो लावून बोलेरोत बसवलं गेलं: 63 अश्वशक्ती आणि 180 न्यूटन-मीटर टॉर्क, तोही अवघ्या दीड हजार फेऱ्यांच्या आसपास. शर्यतीतला माणूस 63 हा आकडा ऐकून हसेल. पण घाट अश्वशक्तीवर चढला जात नाही, कमी फेऱ्यांतल्या ओढीवर चढला जातो. शिवाय भारत स्टेजचे नियम कडक होत गेले तसा धूर कमी करणंही भाग होतं, आणि जादा हवेने तेही साधलं. बीएमडब्ल्यूचा टर्बो वेगासाठी होता. इथे तो ओझ्यासाठी आला.

टर्बो स्वतः ताकद निर्माण करत नाही; इंजिनाच्या हाडात किती सोसायची तयारी आहे, एवढंच तो तपासतो. नाजूक, उंच सुरात गाणारं इंजिन त्या परीक्षेत फुटतं. ट्रॅक्टरचं इंजिन सोसून गेलं, कारण ते बांधतानाच शेताचा हिशेब धरलेला होता.

खोडाळ्याच्या किंवा मोखाड्याच्या नाक्यावर पोचलेली बोलेरो जरा पाहावी. माणसं उतरतात, टपावरची पोती खाली येतात, आणि मुरलेला ड्रायव्हर चावी लगेच फिरवत नाही. लाखभर फेऱ्यांनी फिरलेला तो दांडा तेलाच्या पातळ थरावर तरंगत असतो. इंजिन एकदम बंद केलं तर तेल येणं थांबतं, आणि तापलेल्या बेअरिंगमध्ये उरलेलं तेल जळून कोळसा होतो. म्हणून मिनिटभर गाडी तशीच सुरू. कुणी घाई केलीच तर उत्तर ठरलेलं असतं: घाट चढून आलीय, जरा दम खाऊ दे तिला.