एन्थू : अंगात आलेला एक शब्द

आपल्या हॉस्टेलवर दिवसातून किती वेळा ‘एन्थू’ हा शब्द उच्चारला जातो याची नोंद कुणी ठेवत नाही. पण ‘मेसला आज काय आहे?’ या प्रश्नाच्या खालोखाल त्याचाच नंबर लागावा. ‘ताम्हिणीला चाललोय, एन्थू आहे का?’ ‘जर्नल लिहायचा एन्थूच येत नाही राव.’ ‘तो फर्स्ट इयरचा बघ, जाम एन्थू आहे.’ आणि सगळ्यात कहर म्हणजे ‘एन्थू कटलेट’. (कटलेटचा आणि उत्साहाचा संबंध निदान मेसमध्ये तरी कधी दिसलेला नाही.)

या शब्दाचं व्याकरण अजून पक्कं झालेलं नाही. निम्मी पब्लिक ‘एन्थू आला’ म्हणते, निम्मी ‘एन्थू आली’. तो नाम आहे की विशेषण तेही नक्की नाही, कारण एखाद्याकडे एन्थू असू शकतो आणि एखादा स्वतःच एन्थू असू शकतो. असा शब्द हातात आला की त्याची कुंडली काढायचा मोह होतोच. म्हणून हा लेख.

एन्थू म्हणजे ‘एन्थुझिअ‍ॅझम’चं शेपूट छाटलेलं रूप, हे सगळ्यांना माहीत आहे. तो शब्द मूळचा ग्रीक. ‘एन’ म्हणजे आत आणि ‘थेऑस’ म्हणजे देव. ज्याच्या आत देव शिरला आहे तो ‘एन्थेऑस’. आता याचं मराठी भाषांतर करायला डिक्शनरी लागणार नाही. गावाकडच्या कुठल्याही आजीला विचारा, ती सांगेल : अंगात आलंय!

मित्रांनो, गंमत बघा. नवरात्रात अष्टमीच्या रात्री महालक्ष्मीपुढे घागरी फुंकताना बाईच्या अंगात येतं, जत्रेत भगत घुमायला लागतो, तेव्हा आपण जे म्हणतो तेच ग्रीक लोक म्हणत होते. आणि पुढे त्यांच्या शब्दाचं जे झालं तेच आपल्याकडेही झालं. आई जेव्हा ‘काय अंगात आलंय का तुझ्या?’ म्हणून ओरडते तेव्हा तिला कुठलीही देवी अपेक्षित नसते. अभ्यास सोडून तुमचा जो धिंगाणा चालू असतो, त्याबद्दलच ती बोलत असते. ‘संचारल्यासारखा खेळला’ असं आपण बॅट्समनबद्दल म्हणतो, तोही संचार मूळचा देवाचाच. ‘आवेश’ हा शब्द तर हुबेहूब जुळा भाऊ. ‘आ’ आणि ‘विश्’, म्हणजे आत शिरणे. ‘प्रवेश’मध्ये आहे तोच धातू. परशुरामाला आवेशावतार म्हणतात ते याच अर्थाने. आज मात्र वक्ता आवेशात बोलला म्हणजे टेबलावर मूठ आपटून बोलला, एवढाच अर्थ उरलाय. थोडक्यात, देवाने अंगात ‘अ‍ॅडमिशन’ घेतली की तो आवेश!

प्लेटोने ‘आयॉन’ नावाच्या संवादात याच अवस्थेची एक उपमा दिली आहे. ती आपल्या ब्रँचच्या लोकांना फारच आवडावी. लोहचुंबकाला लोखंडी कडी चिकटते. मग त्या कडीलाच दुसरी कडी चिकटते, तिला तिसरी, आणि साखळी लटकत राहते. प्लेटो म्हणतो, देव हा चुंबक. पहिली कडी कवी, दुसरी त्याचं काव्य गाऊन दाखवणारा, आणि शेवटची कडी म्हणजे ऐकणारा प्रेक्षक. कड्यांमध्ये स्वतःचं काही नसतं, सगळी ओढ वरून आलेली. गॅदरिंगच्या तयारीला एक माणूस पेटला की त्याची रूम, मग विंग, मग अख्खा मजला कसा पेटतो ते ज्याने पाहिलंय त्याला हे पटेल. आणि तो एक माणूस घरी गेला की सगळ्या कड्या खाली कशा गळतात, हेही.

इंग्रजीत हा शब्द साधारण १६०० च्या सुमारास आला, आणि शंभरएक वर्षांत त्याची शिवी झाली. कारण इंग्लंडातली यादवी. १६४२ नंतरच्या त्या धामधुमीत पंथांचं पीक आलं होतं. देव थेट माझ्याशी बोलतो, तेव्हा मला ना धर्मगुरूची गरज ना राजाची, असं म्हणणारे जागोजागी उभे राहिले. अशा लोकांना ‘एन्थुझिअ‍ॅस्ट’ म्हणत, आणि ते कौतुकाने नव्हे. जॉन लॉकने आपल्या गाजलेल्या ग्रंथाच्या १७०० सालच्या चौथ्या आवृत्तीत या विषयावर एक स्वतंत्र प्रकरणच घातलं. त्याचा मुद्दा साधा होता. मला आतून खात्री वाटते, एवढ्यावरून ती गोष्ट खरी ठरत नाही. तपासायला बुद्धी लागते. डॉ. जॉन्सनच्या १७५५ च्या शब्दकोशातही या शब्दाचा पहिला अर्थ दैवी साक्षात्काराचा पोकळ भ्रम असाच आहे.

मेथॉडिस्ट पंथाचा जॉन वेस्ली १७३९ मध्ये ब्रिस्टलजवळ उघड्या मैदानात खाणकामगारांना प्रवचनं देऊ लागला. ऐकणारे रडत, ओरडत, जमिनीवर कोसळत. तिथले बिशप बटलर यांनी त्याला बोलावून स्पष्ट नापसंती दाखवली. वेस्लीवर जन्मभर एन्थुझिअ‍ॅझमचा आरोप होत राहिला. त्यानेही मग त्याच विषयावर प्रवचन लिहून, खरे एन्थुझिअ‍ॅस्ट आम्ही नव्हे, असा उलटा युक्तिवाद केला. म्हणजे त्या काळात कुणाला ‘तू जाम एन्थू आहेस’ म्हटलं असतं तर हाणामारीच झाली असती.

आपण हसतो, पण लॉकचा प्रश्न आपल्याकडेही जुना झालेला नाही. महाराष्ट्रात २०१३ साली, डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या हत्येनंतर, जादूटोणाविरोधी कायदा झाला. अंगात अतींद्रिय शक्ती संचारल्याचं भासवून लोकांना भीती घालणं हा त्यात गुन्हा आहे.

इंग्रजी शब्दावरचा हा डाग हळूहळू पुसला गेला. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून कवी आणि कलावंतांना पुन्हा आतल्या स्फूर्तीचं अप्रूप वाटू लागलं, आणि देव शब्दातून गुपचूप निघून गेला. उरला तो नुसता जोर. एकोणिसाव्या शतकात तर एन्थुझिअ‍ॅझम हा सद्गुण ठरला. नामावरून ‘एन्थूज’ हे क्रियापद पाडण्यात आलं. १८२७ सालच्या एका पत्रात ते सापडतं, आणि भाषेचे सोवळे लोक अजून त्यावर नाक मुरडतात. आपल्या कॉलेजांतल्या जनतेने त्याच्याही पुढे जाऊन ‘एन्थू’ केला. त्यावर काय मुरडतील देव जाणे.

आता मराठीकडे. ‘जोश’ फारसी, मूळ अर्थ उकळणे. (मेसमधल्या जोश्यांनी उगाच कॉलर ताठ करू नये, त्यांचं आडनाव ज्योतिषावरून आलंय.) ‘उमेद’ही फारसीच, म्हणजे आशा. पण मला सगळ्यात वजनदार वाटतो तो आपला रोजचा, शाळेच्या निबंधात घासून गुळगुळीत झालेला ‘उत्साह’. त्यात ‘सह्’ धातू आहे. सहन करणे, टिकणे, पुरून उरणे. भरताच्या नाट्यशास्त्रात वीररसाचा स्थायीभाव उत्साह सांगितलाय. तलवार उपसण्याचा रसही उभा आहे तो टिकून राहण्याच्या भावावर.

यासाठी उदाहरण शोधायला लांब जायला नको. मुळा आणि निळा नद्यांच्या संगमाजवळचं मुळशी धरण आपण ट्रिपला जाऊन फोटो काढायला वापरतो. मुंबईला वीज देण्यासाठी टाटा कंपनीने ते बांधायला घेतलं तेव्हा मावळातली पन्नासच्या आसपास गावं त्याखाली जाणार होती. एप्रिल १९२१ मध्ये शेतकऱ्यांनी कामाच्या जागी जाऊन काम बंद पाडलं. घोषणा होती ‘जान किंवा जमीन’. विनायकराव भुस्कुटे आणि पांडुरंग महादेव बापट हे पुढारी. बापटांना ‘सेनापती’ हे नाव याच लढ्याने दिलं. बायकाही सत्याग्रहात होत्या. तुरुंगवास झाले, मध्येच लढा थांबला, पुन्हा सुरू झाला आणि १९२४ पर्यंत चालला. शेवटी धरण झालंच. १९२७ मध्ये घाटाखाली भिऱ्याचं वीजगृह सुरू झालं.

पहिल्या दिवशी कामावर जाऊन बसायला आवेश पुरतो. पण जमीन हातची जाताना दिसतेय, सरकार आणि कंपनी दोन्ही विरोधात, पेरणीचे दिवस निघून चाललेत, आणि तरीही तिसऱ्या वर्षी पुन्हा जाऊन उभं राहायचं, तिथे तो ‘सह्’ धातू लागतो. एन्थू हा शब्द या माणसांना लावून बघा, जमत नाही.

आणि आता आपल्या विंगमध्ये परत येऊ. आपल्याकडे एन्थू दोन तोंडांनी बोलतो. ‘एन्थू दाखवा रे!’ असं सीनियर जेव्हा फर्स्ट इयरला सांगतात तेव्हा तो हुकूम असतो. रात्री बारा वाजता घोषणा द्यायच्या, उड्या मारायच्या, आणि ज्याला जमत नाही तो ‘डल’. हुकमावर आणलेल्या एन्थूला कायद्यात वेगळं नाव आहे, आणि महाराष्ट्रात तो रॅगिंगविरोधी कायदा १९९९ पासून आहे. दुसरीकडे तोच फर्स्ट इयरवाला आपणहून लेक्चरमध्ये हात वर करतो, रोबोटिक्सच्या टीमला नाव देतो, तेव्हा मागच्या बाकावरून हळूच ‘एन्थू...’ असं लांबवलेलं ऐकू येतं. हा सूर बिशप बटलरचा आहे. फरक इतकाच की बटलरसाहेबांना देशात पुन्हा दंगल होईल अशी खरी भीती तरी होती. आपल्याला कसली असते? तो पोरगा दुसऱ्या टर्मपासून हात वर करायचा थांबतो, आणि फायनल इयरला इंटरव्ह्यूमध्ये त्याच्या बायोडेटावर पहिलं विशेषण ‘एन्थुझिअ‍ॅस्टिक’ असतं!

माझं मत विचाराल तर आपल्याला खरा लागतो तो ‘हुरूप’. तो मागून आणता येत नाही. कुणी पाठ थोपटली की तो येतो, आणि एका टोमण्यात जातो.

जाता जाता, देवाणघेवाण एकतर्फी नाही. मूळ फारसी ‘मस्त’ म्हणजे नशेत असलेला. तो आपल्याकडे आला, माजावर आलेल्या हत्तीला चिकटला, आणि हिंदीच्या वाटेने ‘मस्थ’ होऊन इंग्रजी प्राणिशास्त्रात जाऊन बसला. आपल्या मराठीत ‘मस्ती आलीय का?’ म्हणजे भांडणाची सुरुवात, तर ‘चल, मस्ती करू’ म्हणजे नुसती मजा. हॉस्टेलच्या नोटीस बोर्डावर ‘रात्री दहानंतर मस्ती करू नये’ असं लिहितात, तेव्हा यातला कुठला अर्थ धरायचा हे रेक्टर सरांनीच एकदा सांगावं. हत्तीचा धरला तर निदान फर्स्ट फ्लोअरला तरी तो लागू आहे.