श्रीलंका : तळ्यांच्या वाटेने

श्रीलंकेचा नकाशा पसरला की आधी तळी बघावीत, रस्ते मागाहून. बेटाच्या कोरड्या पट्ट्यात जुन्या राजांनी बांध घालून पाणी अडवलं ते भातशेतीसाठी. आज त्याच पाण्यावर हत्ती जगतात. एका तळ्याकडून दुसऱ्याकडे गाडी हाकत गेलं, तर निम्मी सफारी वाटेतच होते.

कोलंबोहून निघून हबरणा गाठलं की मिन्नेरियाचं तळं जवळच. ते राजा महासेनाने बांधलं, सतराशे वर्षांपूर्वी. ऑगस्ट-सप्टेंबरात पाणी ओसरतं, उघड्या पडलेल्या गाळावर कोवळं गवत उगवतं आणि आजूबाजूच्या रानांतून हत्तींचे कळप उतरतात. चांगल्या वर्षी दोनशेच्याही वर. दुपारी तीननंतर जावं आणि जीप एका जागी उभी करायला लावावी. गवत बोटभरच असतं, सोंडेत धड येत नाही. मग हत्तीण पुढच्या पायाच्या नखांनी ते खरवडते, सोंडेने गोळा करते, पायावर दोनदा आपटून माती झाडते आणि मगच तोंडात घालते. इथल्या बहुतेक नरांनाही सुळे नसतात, त्यामुळे दिमाखदार दंताळ शोधत बसू नये. मोरगहकंद धरणातून पाणी सोडलं की तळं भरलेलं राहतं, गवत बुडतं आणि कळप पांगतात. म्हणून निघण्यापूर्वी पाण्याची पातळी विचारून घ्यावी.

डोंगराळ एल्ला ओलांडून दक्षिणेला उतरलं की उडावलवे. हा जलाशय विसाव्या शतकातला, भोवतालचं राष्ट्रीय उद्यान 1972 मधलं. रस्त्यालगतच्या विजेच्या कुंपणाशी हत्ती केळ्यांच्या आशेने उभे असतात. गाडी थांबवून त्यांना खायला घालणारे पर्यटक पुढच्या अपघाताची सोय करत असतात. त्यापेक्षा जवळचं हत्तींचं संक्रमण केंद्र बघावं. 1995 पासून तिथे आईविना राहिलेली पिल्लं वाढवून रानात सोडतात. दर तीन तासांनी दूध मिळतं, नरसाळ्याला जोडलेल्या नळीतून. आपला घोट संपला तरी पिल्लू हलायला तयार नसतं, त्याला ढकलून बाजूला करावं लागतं. बघ्यांना हात लावायची मुभा नाही, हे उत्तम.

याला राष्ट्रीय उद्यानाबद्दल थोडक्यात. बेटावर वाघ-सिंह नाहीत, त्यामुळे बिबट्या इथे कोणाला भीत नाही, भर दिवसा खडकावर पसरतो. पण तो दिसला की ड्रायव्हरांचे फोन खणखणतात आणि पाहता पाहता जीपांची कोंडी होते. जून-जुलैत खिरणीची फळं पिकतात, तेव्हा अस्वलं दिसण्याची शक्यता वाढते. गर्दीचा वैताग आला तर शेजारचं बुंदला गाठावं. पाणपक्षी आणि मगरी तिथे भरपूर, माणसं कमी. देशातलं पहिलं रामसर स्थळ तेच, 1990 मधलं.

एका फेरीत सगळं साधत नाही. मिरिस्साच्या समुद्रात निळे देवमासे दिसतात डिसेंबर ते एप्रिल. मिन्नेरियात कळप जमतात तेव्हा तिकडे नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांनी दर्या खवळलेला असतो. हत्ती की देवमासे, हे तिकीट काढतानाच ठरवावं.

गाडी स्वतः चालवायची तर तिथला तात्पुरता परवाना लागतो. बहुतेक जण ड्रायव्हरसकट गाडी घेतात आणि तेच शहाणपणाचं. हबरणा-पोळोन्नरुव रस्त्यावर हत्ती अंधारात दिवे न लावता येतात, तेव्हा मुक्काम सूर्यास्तापूर्वी गाठावा.