कार्ड आहे, मग मेडिकलचं बिल कशाचं?

"आयुष्मानचं कार्ड काढलंय, आता आजारपणाची धास्ती नाही," असं छातीठोकपणे सांगणारे गावोगावी भेटतात. पाच लाखांचं संरक्षण खरंच आहे. सप्टेंबर २०१८मध्ये सुरू झालेल्या या योजनेत पात्र कुटुंबाला वर्षाला तेवढ्या रकमेपर्यंत मोफत उपचार मिळतात. पण त्यासाठी रुग्णाला ॲडमिट व्हावं लागतं. ॲडमिट होण्याआधीचे तीन आणि घरी सोडल्यानंतरचे पंधरा दिवस, एवढाच बाहेरचा खर्च योजनेत धरला जातो.

मधुमेह काही पंधरा दिवसांत आटोपत नाही. बीपी-शुगरच्या गोळ्या जन्माच्या सोबती. त्यांचे पैसे दर महिन्याला मेडिकलच्या काउंटरवर रोख मोजावे लागतात. डॉक्टरांची फी, रक्त-लघवीच्या तपासण्या, एक्स-रे हे सारं ओपीडीतलं, म्हणजे कार्डाच्या कक्षेबाहेरचं. ऑपरेशनचं बिल डोळ्यांत भरतं, म्हणून घर त्यानंच बुडतं असं वाटतं. महिन्याकाठचे हे किरकोळ पैसे मात्र कुणी वहीत मांडत नाही.

"सरकारीत जाऊन काय उपयोग, शेवटी पैसे लागतातच," हा आणखी एक लाडका समज. लागतात, हे खरं. किती, ते पाहायला हवं. २०१७-१८च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत एकदा ॲडमिट होण्याचा सरासरी खर्च सरकारी रुग्णालयात ४,४५२ रुपये निघाला आणि खासगीत ३१,८४५. महाराष्ट्रात तर १५ ऑगस्ट २०२३पासून आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत झाले, केस पेपरचेही पैसे नाहीत. वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं या निर्णयात नव्हती, आणि गोंधळ नेमका तिथंच होतो.

स्वस्त म्हणजे कमअस्सल, हे गणितही तपासून पाहावं. फेब्रुवारी २०१७मध्ये केंद्रानं हृदयाच्या औषधलेपित स्टेंटची किंमत २९,६०० रुपयांवर बांधली. त्याआधी त्याच वस्तूवर सरासरी लाखाहून जास्त छापील किंमत असे. फुगलेला होता तो भाव. जनऔषधी केंद्रातली गोळीही ब्रँडेड गोळीपेक्षा निम्म्याहून स्वस्त पडते, औषधी घटक मात्र तोच.

उपचारांवरच्या एकूण खर्चातला लोकांच्या खिशातला वाटा २०१३-१४मध्ये ६४ टक्के होता, तो २०२१-२२मध्ये ३९वर आला, असं सरकारी लेखे सांगतात. त्यातला घरखर्चाचा अंदाज २०१७-१८च्या पाहणीवरच बेतलेला, म्हणून अभ्यासक जरा जपून बोलतात. सरकारनं आरोग्यावरच्या आपल्या खर्चासाठी २०२५पर्यंत जीडीपीच्या अडीच टक्क्यांचं उद्दिष्ट ठेवलं होतं. २०२१-२२चा आकडा होता १.८४.