मोजणी फाटकावर की वाघापाशी? (लेखमाला : जंगलाची वाट, लेखांक ७)

समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला आणि विदर्भातले वाघ ठाकुर्ली-डोंबिवलीकरांच्या एका दिवसाच्या गाडीप्रवासावर आले. भिवंडी तालुक्यातल्या आमणेपासून नागपूर ७०१ किलोमीटर. तिथून उमरेड-पवनी-करांडला अभयारण्य तास-दीड तासावर. रस्ता झाला की माणसे येणारच, त्यावर नाक मुरडण्यात अर्थ नाही. प्रश्न एवढाच की आलेली माणसे मोजायची कुठे? आपल्याकडे ती फाटकावर मोजतात : सकाळच्या फेरीत इतक्या जिप्सी, दुपारच्या फेरीत इतक्या. आत गेल्यावर त्या सगळ्या एकाच वाघिणीभोवती जमल्या तरी कागदावरचा हिशेब चोख राहतो. ३१ डिसेंबर २०२४ रोजी याच अभयारण्यात गोठणगावच्या बाजूला ‘एफ-२’ वाघीण आणि तिचे पाच बछडे पर्यटकांच्या गाड्यांमध्ये कोंडले गेले. चित्रफीत पसरली, चालक आणि गाइड यांच्यावर निलंबनाची कारवाई झाली, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. कारवाई योग्यच होती. पण ज्या पद्धतीमुळे ही कोंडी होते, ती पद्धत या कारवाईने बदलत नाही.

दुसऱ्या पद्धतीची मोजणी युगांडात पाहायला मिळते. कंपालाहून मसाका, म्बरारा करत ब्विंडीच्या अरण्यापर्यंत मोटारीने आठ-दहा तास लागतात. वाटेत केळीच्या बागा, लांब शिंगांची अंकोले गुरे, पुढे चहाचे मळे आणि डोंगरातले वळणावळणाचे कच्चे रस्ते. एवढी धूळ खाऊन तिथे पोहोचल्यावर परवाना मिळतो तो जंगलाचा नव्हे, एका गोरिला-कुटुंबाचा. त्या कुटुंबाला दिवसातून एकदाच, जास्तीत जास्त आठ पर्यटक, तेही फक्त एक तास भेटू शकतात. माणसाचा सर्दी-खोकला गोरिलाला जिवावर बेतू शकतो, म्हणून अंतर राखावे लागते आणि आजारी पर्यटकाला परत पाठवतात. माग काढणारे पहाटेच निघतात, आदल्या रात्रीच्या घरट्यांपासून कुटुंबाचा शोध घेतात. त्यामुळे दर्शन जवळपास नक्की असते आणि कोणाला धावायचे कारण उरत नाही. ब्विंडीजवळच्या विरुंगा डोंगरांतल्या गोरिलांच्या १९६७ ते २००८ या काळातील नोंदी तपासल्यावर दिसले की माणसाला सरावलेल्या गटांतील गोरिलांची संख्या वर्षाला सुमारे चार टक्क्यांनी वाढली, न सरावलेल्यांची मात्र किंचित घटली. श्रेय पर्यटकांचे नाही, त्यांच्या निमित्ताने रोज होणाऱ्या राखणीचे आणि पशुवैद्यकांचे आहे. २०१८ मध्ये पर्वतीय गोरिलांची संख्या हजारावर गेल्याचे जाहीर झाले आणि ‘अतिसंकटग्रस्त’ यादीतून ते एक पायरी खाली आले.

यावर पहिला आक्षेप सरळ आहे : वाघ म्हणजे गोरिला नव्हे. तो एकटा फिरतो, रात्रीत कुठल्या कुठे जातो. त्याचा परवाना कसा देणार? खरे आहे, देता येणार नाही. पण दर्शनाच्या जागी गाड्यांची मर्यादा नक्की घालता येते. राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या २०१२ च्या मार्गदर्शक तत्त्वांत वन्यप्राण्यापासून वीस मीटर अंतर आणि एका दर्शनाला पंधरा मिनिटे अशा अटी आहेतच. त्या पाळल्या जात नाहीत, कारण गाइडची बक्षिसी वाघ दिसण्यावर ठरते आणि खबर पोहोचली की सगळ्या जिप्सी तिकडे वळतात. दुसरा आक्षेप पैशांचा. युगांडाचा परवाना परदेशी माणसाला ८०० डॉलरला पडतो. तसे इथे झाले तर वाघ फक्त श्रीमंतांचा होईल. ही भीती रास्त आहे, पण मोजणी आणि दर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तिथेही देशातल्या नागरिकाला तोच परवाना फार स्वस्तात मिळतो. आणि युगांडाचे सगळेच उचलण्याजोगे नाही. १९९१ मध्ये ब्विंडी राष्ट्रीय उद्यान झाले, तेव्हा पिढ्यान्‌पिढ्या त्या रानात राहिलेल्या बाट्वा लोकांना बाहेर काढले गेले. उत्पन्नाचा वाटा गावांना देण्याची व्यवस्था नंतर आली आणि बाट्वांच्या हाती त्यातले थोडेच पडले. जंगल राखताना माणसे उठवण्याचा तो धडा ताडोब्याच्या गावांनाही नवा नाही.

वन विभागाने वाघापाशी थांबणाऱ्या गाड्यांची संख्या ठरवावी आणि ती तिथेच मोजावी. तोवर समृद्धीवरून उमरेडला निघालेल्या वाचकांनी एक करावे : जिप्सीत बसतानाच गाइडला सांगावे की वाघाभोवती गर्दी असेल तर आपली गाडी मागेच ठेवा, बक्षिसी ठरल्याप्रमाणे मिळेल.